बॉल पायथन की इग्वाना? फ्लॅटमध्ये आणण्याआधी

साप म्हटला की घरचे दारातच अडवतात. इग्वाना या सरड्याचं वीतभर हिरवं पिल्लू मात्र सगळ्यांना पटकन आवडतं. गणित इथेच चुकतं. या दोघांत माणसाला जास्त इजा करू शकतो तो इग्वाना.

ते पिल्लू तीन-चार वर्षांत शेपटीसकट पाच-सहा फुटांचं होतं. विणीच्या काळात नर सांभाळणाऱ्यावरही धावून जातो. शेपटीचा फटका सणसणीत लागतो, आणि दात कातरीव असल्याने चाव्यात कातडी फाटते. त्याला माणसाच्या उंचीचा पिंजरा, चढायला फांद्या, ऊब आणि यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) ट्यूब लागते. ट्यूब पेटलेली दिसली तरी तिच्यातली यूव्हीबी हळूहळू संपते, म्हणून सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागते. नाही बदलली तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो. खाणं त्यातल्या त्यात सोपं: शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळा. पालक मात्र रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. फ्लोरिडात मोकाट झालेले इग्वाना इतके बोकाळले की २०२१ मध्ये तिथे ते नव्याने पाळण्यावर बंदी आली.

बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर, बिनविषारी, साधारण तीन ते पाच फुटी. घाबरला की डोकं आत घालून गुंडाळून बसतो. चावलाच तर बहुधा ओरखड्यांवर भागतं. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २५-२६ ठेवायची. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर हवाच. खरी अडचण फ्रीजरची. मटारांशेजारी गोठवलेले उंदीर आईला चालणार आहेत का, हे आधी विचारा. (वेगळा छोटा फ्रीजर घेतलात तर भांडण टळेल.) जिवंत उंदीर आत सोडू नका, सापाला भूक नसेल तर उंदीरच त्याला कुरतडतो. कधी साप महिनोन्‌महिने खात नाही. आणि जगतो वीस-तीस वर्षं, म्हणजे आज कॉलेजात असाल तर तुमच्या मुलांच्या दहावीपर्यंत.

साल्मोनेलाचा (जुलाब-ताप आणणाऱ्या जिवाणूचा) धोका दोघांकडूनही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर दोन्ही नकोत.

‘बॉल पायथनच, फक्त मोठा’ म्हणत कोणी बर्मीज अजगर दाखवला तर तिथून निघा. तो ईशान्य भारतातलाही आहे आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो; पाळणं हा गुन्हा आहे.

बॉल पायथन आणि इग्वाना दोन्ही सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. हस्तांतर, जन्म, मृत्यूही कळवावा लागतो. बँकॉकहून येणाऱ्या बॅगांमध्ये असे प्राणी मुंबई विमानतळावर वारंवार पकडले जातात, म्हणून विक्रेत्याचे कागद तपासाच.

माझं मत: फ्लॅटमध्ये इग्वाना नको. बॉल पायथन चालेल, पण सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर गावात आहे याची आधी खात्री करा. आणि ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून तोही घेऊ नका.