पॉलिसीतला तो ‘ॲक्सिडेंट’ टीव्हीचा नव्हताच

आमच्या घराच्या विम्याच्या कागदावर ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द आहे. एजंटानं त्यावर बोट ठेवून मला तो दाखवला होता. त्या एका शब्दावर विश्वास ठेवून मी पैसे भरले आणि फसले. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून सगळं लिहून ठेवते.

मी लातूरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव नुकतंच झोपलेलं असताना, किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा मी सातवीत होते. धाब्याची माळवदं लोकांच्या अंगावर कशी आली, ते आम्ही पाहिलं आहे. त्यामुळे कर्ज काढून स्वतःचं घर बांधलं तेव्हा विमा घ्यायचा हे माझं पक्कं होतं. एजंटाला ते पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. “मॅडम, तुम्ही किल्लारी बघितलेली माणसं, तुम्हाला मी काय सांगू,” असं म्हणत तो बसला.

भूकंप आहे का, विचारलं. आहे म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग मी घरातल्या सामानाचं विचारलं. “सगळं कव्हर आहे मॅडम. टीव्ही पडू द्या, फ्रिज जळू द्या, चोरी होऊ द्या. हे बघा, ॲक्सिडेंट.” आणि बोट त्या ओळीवर. कागद इंग्रजीत, अक्षर बारीक. मी वहीचं एक पान पुढे केलं, त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं ‘फुटणे, जळणे, चोरी – सर्व’ असं लिहून दिलं. सामानाच्या कव्हरचे वेगळे म्हणून दीड हजार रोख घेतले. पावती नंतर देतो म्हणाला. ती आजपर्यंत मिळालेली नाही.

दिवाळीच्या आधी रंगकाम काढलं होतं. भिंतीवरचा टीव्ही उतरवताना आमच्या मिस्टरांच्या हातातून निसटला आणि फरशीवर आपटला. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकला. ४६ हजारांचा टीव्ही, हप्ते अजून चालू होते. मी त्याच दिवशी कंपनीला कळवलं, फोटो पाठवले. काही दिवसांनी नुकसान तपासायला कंपनीकडून सर्व्हेअर आला. शांत माणूस होता. त्यानं विचारलं, “आग लागली होती का? पाणी शिरलं? बाहेरून काही येऊन आदळलं?” मी नाही म्हणाले. “मग पडला कसा?” “हातातून निसटला.” त्यानं पेनाला टोपण लावलं. दोन आठवड्यांनी दावा नाकारल्याचं पत्र आलं.

मग मी आणि मुलीनं दोन संध्याकाळी बसून अख्खी पॉलिसी वाचली. हे काम मी सही करायच्या आधी करायला हवं होतं.

आमची पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ प्रकारची आहे. विमा नियामकानं ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. पॉलिसी वाईट नाही. तिचा मजकूर ठरलेला असतो, त्यामुळे एजंटानं तोंडानं काय सांगितलं त्यानं त्यात काही बदलत नाही. मी आधी ‘काय मिळत नाही’ या यादीत ‘हातातून पडणे’ शोधत होते. ते तिथं सापडेना, तेव्हा मला वाटलं आपण जिंकलो. पण या पॉलिसीत नाव घेतलेल्या संकटांचीच भरपाई मिळते: आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी फुटणं किंवा वाहणं, बाहेरची वस्तू येऊन आदळणं, असं काही. त्या यादीत जे नाही, ते वेगळं वगळावंच लागत नाही. झाड घरावर पडून टीव्ही फुटला असता तर पैसे मिळाले असते. हात निसटला, म्हणून नाही.

आणि ज्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं होतं ती होती ‘पर्सनल ॲक्सिडेंट’. म्हणजे विम्यात धरलेल्या संकटानं घराचं नुकसान झालं आणि त्यातच मी किंवा माझे मिस्टर गेलो, तर माणशी पाच लाख. मुलीनं ते वाचून दाखवलं तेव्हा मला घाम फुटला. टीव्हीचा समजून मी आमच्या मरणाचा विमा वाचत होते.

दीड हजारांचंही तेच. घराच्या इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, सामानाचं कव्हर आपोआप येतं. त्यासाठी वेगळे पैसे लागतच नव्हते. दागिने मात्र त्यात धरत नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात.

आपल्याकडे डीपी जळणं, व्होल्टेज वाढणं हे नेहमीचं, म्हणून हे नीट वाचा. शॉर्टसर्किटनं फ्रिज स्वतः जळाला तर त्या फ्रिजचे पैसे नाहीत. त्याच्यामुळे आग लागून शेजारचं कपाट जळालं तर कपाटाचे आहेत. चोरीचंही असंच आहे. आधी भूकंप, आग असं काही घडलं आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरतात. उन्हाळ्यात कुलूप लावून आपण महिनाभर गावाकडे जातो, तेव्हा घर फुटलं तर या मूळ पॉलिसीत काही नाही. त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

हातून पडण्या-फुटण्यासाठी ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’चं जोडकव्हर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा कव्हर, कंपनी देते का, ते विचारा. त्यातही साधारणपणे वापरानं झालेली झीज, ओरखडे, आतला बिघाड, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी वगळलेल्या असतात, आणि प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम आपल्या खिशातून जाते. ‘हातातून निसटून पडला तर मिळेल का, कोणत्या कलमात लिहिलंय’ हाच प्रश्न विचारा, आणि उत्तर कंपनीच्या ईमेलवरूनच घ्या. वहीच्या पानावर घेऊ नका.

एजंट आता माझा फोन उचलत नाही. मी आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार केली. उत्तर नकाराचं आलं, म्हणून विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज दिला आहे. कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत तो देता येतो. फी नाही, वकील लागत नाही. टीव्हीचे पैसे मिळतील असं मला वाटत नाही. माझी तक्रार खोटं सांगून विकल्याची आणि त्या दीड हजारांची आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. त्याच्या अक्षरातलं ते वहीचं पान मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं आहे.