एमएलबी ट्रेड रूमर्स : नाव अफवांचे, काम खतावणीचे

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मुख्य लीगचा (मेजर लीग बेसबॉल, म्हणजे एमएलबी) हंगाम ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो आणि पुढचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो. मधले पाच महिने मैदाने ओस असतात, पण संघांची खरी उलथापालथ याच काळात होते. या उलथापालथीची रोजच्या रोज नोंद ठेवणारी ‘एमएलबी ट्रेड रूमर्स’ ही सेवा टिम डायर्क्स यांनी २००५ मध्ये सुरू केली. संकेतस्थळ आणि ॲप या दोन्ही रूपांत ती विनामूल्य वाचता येते. पैसे भरणाऱ्यांना जाहिराती दिसत नाहीत आणि काही अधिकचे लेख मिळतात. मी बॉस्टन रेड सॉक्सचा पाठीराखा असून गेले काही हिवाळे ही सेवा वापरतो आहे. या परीक्षणासाठी मी २०२४-२५ चा हिवाळा निवडला आहे. त्या हिवाळ्यातल्या सौद्यांचा निकाल आता हाती असल्यामुळे तेव्हा वाचलेले किती खरे ठरले, हे तपासता येते.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाला हा बाजार सुरुवातीला गोंधळात टाकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे दोन दिवसांत आयपीएलचा मोठा लिलाव आटोपला, लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी रुपये लावले आणि टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला ते त्याच क्षणी कळले. बेसबॉलमध्ये हातोडाच नाही. मुख्य लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरून करारमुक्त झालेला खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, आपल्या एजंटामार्फत कोणत्याही संघाशी कितीही वर्षांची बोलणी करू शकतो. ही बोलणी बंद दाराआड चालतात आणि बाहेर येते ते पत्रकारांच्या कानावर पडलेले, तेही तुकड्यातुकड्याने. हे तुकडे गोळा करून, प्रत्येकावर मूळ पत्रकाराचे नाव लावून आणि खेळाडूच्या कराराचा पूर्वेतिहास जोडून ते वाचकासमोर ठेवणे हे या सेवेचे मुख्य काम आहे. नावात अफवा असली तरी स्वतःची पुडी सोडण्याचा प्रकार येथे जवळजवळ आढळत नाही. कोण म्हणाले, किती ठामपणे म्हणाले आणि त्याला दुसऱ्या कोणाचा दुजोरा आहे का, हे एवढ्या काटेकोरपणे मांडले जाते की एखाद्या जुन्या पेढीवरच्या मुनीमजींची आठवण व्हावी. दशलक्षासाठी एका ‘एम’ऐवजी दोन ‘एम’ लिहिण्याची त्यांची सवयसुद्धा हिशेबनिसांच्याच जगातली आहे.

प्रत्येक खेळाडूच्या नावाचे स्वतंत्र पान ही मला सर्वांत उपयुक्त वाटलेली सोय आहे. त्या पानावर त्याच्याविषयीच्या साऱ्या नोंदी उलट्या कालक्रमाने मिळतात. ख्रिस सेलचे पान तळाकडून वर वाचत गेले, तर रेड सॉक्सच्या पाठीराख्यांचा संताप कोठून आला ते कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस बॉस्टनने त्याला अटलांटाला दिले, बदल्यात व्हॉन ग्रिसम घेतला, आणि पुढच्याच हंगामात सेलने नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याचा) साय यंग पुरस्कार जिंकला. त्याच २०२४ च्या हंगामात बॉस्टन ८१ विजय आणि ८१ पराभवांवर अडकले आणि सलग तिसऱ्या वर्षी बाद फेरीबाहेर राहिले. संघाच्या खेळविषयक कारभाराचे प्रमुख क्रेग ब्रेस्लो स्वतः माजी पिचर. त्यांच्यासाठी पुढचा हिवाळा परीक्षेचा होता.

दर नोव्हेंबरमध्ये ही सेवा आघाडीच्या ५० फ्री एजंटांची यादी काढते आणि प्रत्येकाला किती वर्षांचा, किती रकमेचा करार मिळेल याचे भाकीत करते. वाचकांसाठीही त्यावर स्पर्धा असते. २०२४ च्या यादीत हुआन सोटोला १३ वर्षांचे ६० कोटी डॉलर मिळतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात न्यूयॉर्क मेट्सने १५ वर्षांचे ७६.५ कोटी दिले. भारतात सोमवारची सकाळ होती, चहा गार झाला आणि बॉस्टनच्या नावासमोर फक्त ‘प्रयत्न केला’ एवढीच नोंद उरली. मॅक्स फ्रीडसाठी ६ वर्षे आणि १५.६ कोटींचा अंदाज होता, तर यँकीजने ८ वर्षांचे २१.८ कोटी मोजले. ब्लेक स्नेललाही अंदाजापेक्षा अधिक मिळाले. उलट पीट अलॉन्सोसाठी ५ वर्षांचे १२.५ कोटी लिहिले होते आणि त्याला २ वर्षांच्या ५.४ कोटींवर समाधान मानावे लागले. ॲलेक्स ब्रेगमनसाठी ७ वर्षांचे १८.२ कोटी होते. बॉस्टनशी त्याचा करार झाला तो ३ वर्षांचा, १२ कोटींचा आणि दर हंगामानंतर बाहेर पडण्याची मुभा असलेला.

या चुका इकडेतिकडे विखुरलेल्या नाहीत, त्यांना एक दिशा आहे आणि वाचकाने ती ओळखून ठेवावी. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ज्यांचे सौदे झाले त्यांच्या बाबतीत अंदाज तोकडे पडले. फेब्रुवारीपर्यंत जे ताटकळले त्यांच्या बाबतीत ते फुगलेले निघाले. (सोटो, स्नेल, अलॉन्सो आणि ब्रेगमन या चौघांचाही एजंट एकच, स्कॉट बोरास, त्यामुळे सारे श्रेय किंवा सारा दोष एजंटाच्या डावपेचांना देता येत नाही.) बाजार तापला असताना एखादा मालक किती पुढे जाईल आणि उशिरापर्यंत उरलेला खेळाडू लांब मुदतीच्या मोहाऐवजी अल्प मुदतीचा, पण वर्षाला अधिक पैशांचा करार कधी पत्करील, या दोन गोष्टी कोणत्याही सूत्रात बसत नाहीत. माझ्या मते ही यादी भविष्य म्हणून वाचू नये, बाजाराचा आरंभीचा भाव म्हणून वाचावी. त्या कामासाठी तिच्याइतके चोख दुसरे काही मी पाहिलेले नाही.

अंदाजांचा दुसरा प्रकार कमी गाजतो. मुख्य लीगमध्ये साधारण तीन ते सहा वर्षे झालेल्या खेळाडूंचा पगार वाटाघाटीने, आणि त्या फिसकटल्यास लवादाने ठरतो. त्याचे आगाऊ आकडे ही सेवा मॅट स्वार्ट्झ यांच्या सूत्रावरून देते. शिकागो व्हाइट सॉक्सचा डावखुरा पिचर गॅरेट क्रोशे याच्यासाठी तो आकडा २९ लाख डॉलर होता, तर ठरलेला पगार ३८ लाख होता. फरक लहान नाही. पण आघाडीचा पिचर तीस-चाळीस लाखांत मिळतो आणि त्याच्यावर एकूण दोन हंगामांचा हक्क राहतो, हे त्या ओळीवरून नोव्हेंबरातच कळत होते. त्याला मिळवण्यासाठी संघ पैशांऐवजी माणसे का मोजायला तयार झाले, त्याचे उत्तर याच ओळीत आहे.

बॉस्टनने ११ डिसेंबर २०२४ रोजी क्रोशेच्या बदल्यात चार होतकरू खेळाडू दिले: कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमेरी, इनफिल्डर चेस मिड्रॉथ आणि पिचर विकेलमन गोन्झालेझ. टील २०२३ च्या आणि माँटगोमेरी २०२४ च्या ड्राफ्टमधल्या (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पहिल्या फेरीची निवड. सेवेचा खरा तोकडेपणा येथे जाणवतो. ट्रेडच्या, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, बाजारातले चलन म्हणजे प्रॉस्पेक्ट, मायनर लीगमधला उद्याचा खेळाडू. आणि त्या चलनाचे मूल्य ही सेवा स्वतः ठरवत नाही. बेसबॉल अमेरिका, एमएलबी पाइपलाइन किंवा फॅनग्राफ्स या बेसबॉलविषयक प्रकाशनांची क्रमवारी उद्धृत करून ती पुढे सरकते. त्यात अप्रामाणिक काहीच नाही, पण वाचकाच्या हाती उसने मत येते. टीलचे कॅचर म्हणून हात कसे आहेत किंवा फलंदाज म्हणून मिड्रॉथची कोणता चेंडू सोडून द्यावा याची पारख मुख्य लीगमध्ये टिकेल का, हे जाणून घ्यायला दुसरीकडेच जावे लागते.

बॉस्टनच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचते, कारण त्या हिवाळ्याचा खरा निर्णय कोणाला द्यायचे यापेक्षा कोणाला द्यायचे नाही हा होता. रोमन अँथनी, मार्सेलो मायर, क्रिस्टियन कॅम्पबेल आणि टील हे चौघे बॉस्टनची नवी फळी म्हणून ओळखले जात. ब्रेस्लो यांनी त्यांतला एक दिला आणि तिघे राखले. टील गेल्यावर कॅचरची जागा रिकामी राहू नये म्हणून त्यांनी चक्क यँकीजकडून कार्लोस नार्वाएझ आणला, आणि त्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी घरांमधला असा व्यवहार किती दुर्मीळ असतो हे कोणत्याही पाठीराख्याला विचारावे. सेवेत तो दुय्यम सौदा म्हणून नोंदला गेला, पण २०२५ मध्ये बॉस्टनचा मुख्य कॅचर नार्वाएझच ठरला. कॅम्पबेलशी एप्रिलमध्ये ८ वर्षांचा ६ कोटींचा करार झाला आणि जूनमध्ये त्याला पुन्हा वूस्टरच्या मायनर लीग संघात पाठवावे लागले. जूनमध्ये पदार्पण केलेल्या अँथनीशी ऑगस्टमध्ये ८ वर्षांचा १३ कोटींचा करार झाला. करारांचे आकडे सेवेने बिनचूक दिले. या दोघांपैकी कोण लगेच रुळेल, याचा सुगावा मात्र तेथे लागण्यासारखा नव्हता.

क्रोशेच्या सौद्याने बॉस्टनला काय दिले, ते स्पष्ट आहे. त्याने २०२५ मध्ये १८ सामने जिंकले, २५५ फलंदाज स्ट्राइकआउट केले, आणि हंगाम सुरू होतानाच त्याच्याशी ६ वर्षांचा १७ कोटींचा करार झालेला होता. जेमतेम पावणेअकरा दशलक्षांत आलेल्या अरोल्डिस चॅपमनने शेवटी पिचिंगला येऊन ३२ सामन्यांत संघाची आघाडी राखली. वॉकर ब्युलरवर घातलेले २.१ कोटी मात्र पाण्यात गेले; ऑगस्टअखेर त्याला मोकळे करण्यात आले. संघ ८९ विजयांसह बाद फेरीत पोहोचला आणि तेथे पहिला सामना जिंकूनही यँकीजकडून हरला.

ब्रेगमनच्या नोंदीत सेवेची आणखी एक मर्यादा दिसते. तो थर्ड बेसवरचा खेळाडू, आणि ती जागा राफाएल डेव्हर्सची होती, ज्याच्याशी बॉस्टनने ३१.३५ कोटींचा दीर्घ करार केलेला होता. डेव्हर्सची नाराजी, फर्स्ट बेसवर खेळण्यास त्याने दिलेला नकार आणि अखेर १५ जून २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोशी झालेला ट्रेड, या साऱ्या बातम्या सेवेने वेळच्या वेळी दिल्या. पण खतावणीत रक्कम असते, मुदत असते, करमर्यादेवरचा (संघाचा एकूण पगार जिच्यापुढे गेल्यास कर पडतो त्या मर्यादेवरचा) भार असतो. एका नव्या माणसाच्या येण्याने जुन्या माणसाचा मान दुखावला तर ते मांडायला रकाना नसतो. हा दोष मी सेवेकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही, तर केवळ तिच्यावर विसंबून सौद्याला गुण देणाऱ्या माझ्यासारख्या वाचकांसाठी लिहितो.

नव्या वाचकाने आरंभीच पैसे भरू नयेत. विनामूल्य आवृत्ती पुरेशी आहे, आणि सशुल्क योजना डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा पान उघडणाऱ्यालाच परवडते. भाषा इंग्रजी आणि परिभाषेने लगडलेली आहे; लवाद, सेवावर्षे आणि करमर्यादा या तीन गोष्टी आधी समजून घेतल्या तर दोन आठवड्यांत वाचन सराईत होते. प्रॉस्पेक्टसाठी फॅनग्राफ्सचे पान शेजारी उघडे ठेवावे. आणि सुरुवात ब्रेगमनच्या पानापासून करावी. २०२५ चा हंगाम संपताच त्याने कराराबाहेर पडण्याची मुभा वापरली, त्यामुळे १२ कोटींपैकी बॉस्टनला एकाच वर्षाचे मोजावे लागले, आणि नोव्हेंबरमध्ये त्याचे नाव पुन्हा फ्री एजंटांत आले.