दोतोनबोरीत रामेन: इचिरान की किनर्यू?

ओसाकात एकच संध्याकाळ आहे आणि तिथल्या दोतोनबोरी भागात रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, इचिरान आणि किनर्यूपैकी कुठल्या दुकानात खाऊ म्हणतेस, तर ऐक. इचिरानमध्ये मशीनवर तिकीट काढायचं, मग फॉर्मवर नूडल्स किती कडक, लसूण किती, तिखट किती ते टिक करायचं आणि फळीच्या खणात एकटीने बसायचं, समोरचा बांबूचा पडदा वर होतो, दोन हात वाडगा ठेवतात, पडदा खाली! गप्पा विसर. रस्सा दाट, डुकराच्या हाडांचा. किनर्यूत रस्सा त्यामानाने हलका, किमची (कोबीचं तिखट कोरियन लोणचं) फुकट, हवी तेवढी घ्या, आणि बूट काढून उघड्यावर तातामीवर, म्हणजे जपानी चटईवर, मांडी घालून बसता येतं. दुकानाच्या पाटीवरच्या मोठ्या ड्रॅगनची शेपूट २०२४ मध्ये कोर्टाच्या निकालामुळे कापली, बिचारा. शाकाहारी असशील तर दोन्ही बाद. एकटी असशील तर इचिरान, चौघं असाल किंवा खिसा हलका असेल तर किनर्यू.