सुटून आलेल्यांसाठी निधी द्यायचा तर कुठे?

पुण्यातल्या ट्रस्टकडे किंवा कंपनीच्या सीएसआर विभागाकडे सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाचे प्रस्ताव येतात, ते साधारण तीन तऱ्हेचे. तुरुंगात कौशल्य प्रशिक्षण, सुटल्याबरोबर काम, आणि सुटलेल्या माणसाच्या सोबत काही महिने राहणारा समाजसेवक. पैसे एकालाच पुरणार असतील तर माझं मत तिसऱ्याला.

प्रशिक्षण दिसायला चांगलं दिसतं, माणशी खर्चही कमी. पण ते मुख्यतः पोचतं शिक्षा झालेल्यांपर्यंत. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, 2022 च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांतले चारातले तीन जण कच्चे कैदी, म्हणजे अजून खटला चालू असलेले, होते. त्यांचा जामीन कधी होईल सांगता येत नाही. सहा महिन्यांचा कोर्स त्यांच्यासाठी आखताच येत नाही. राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना 2022 मध्ये येरवड्यातून सुरू झाली. जामीनदाराशिवाय 50 हजारांपर्यंत कर्ज, 7 टक्के व्याजाने. बंद्याच्या घरच्यांना मोठा आधार देणारी ही योजना मला मनापासून आवडते, पण तीही शिक्षा भोगणाऱ्यांसाठीच आहे.

शिवाय प्रशिक्षणाचे आकडे जपून वाचावेत. कोर्सला निवडले जातात ते चांगल्या वर्तणुकीचे, घरून भेटायला येणारं कुणी असलेले. त्यातले बहुतेक परत गुन्ह्याकडे वळले नाहीत, तर श्रेय कोर्सचं की निवडीचं? खुल्या कारागृहाच्या, म्हणजे निवडक बंद्यांना कमी पहाऱ्यात ठेवणाऱ्या तुरुंगाच्या, यशाबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा.

नोकरीच्या कार्यक्रमांची कसून तपासणी अमेरिकेत झाली आहे. न्यूयॉर्कच्या ‘सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटीज’ या संस्थेच्या कामासाठी 2004-05 मध्ये 977 जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला लगेच तात्पुरतं काम, दुसऱ्याला फक्त किरकोळ मदत. रोजगारातला फरक वर्षभरात विरला. गुन्ह्याकडे परतणं मात्र तीन वर्षांत कमी झालं, आणि सर्वांत जास्त फरक पडला तो नुकत्याच सुटलेल्यांत. म्हणजे मदत कोणत्या आठवड्यात मिळाली याला वजन आहे. आपल्याकडे चाकण-भोसरीच्या ठेकेदाराने पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं की गाडी तिथेच अडते, म्हणून नुसती ‘प्लेसमेंट’ लिहिलेल्या प्रस्तावावर मी भरवसा ठेवणार नाही.

येरवड्याच्या फाटकाबाहेर संध्याकाळी सुटलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. हातात कपड्यांची पिशवी, खिशात सुटकेचा कागद. आधारला जोडलेला मोबाईल नंबर केव्हाच बंद पडलेला. ओटीपी येत नाही म्हणून बँकेचं काम अडतं, खातं नाही म्हणून पगार अडतो, आणि भाड्याच्या खोलीसाठी घरमालक ओळखपत्र मागतो. पुढची कोर्टाची तारीख चुकली तर वॉरंट निघतं. यातलं एकही काम कौशल्याचं नाही. बरोबर येऊन रांगेत उभं राहणारं माणूस लागतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प मुंबईत 1990 पासून अशाच धर्तीवर, समाजसेवकांच्या बळावर काम करतो आहे.

हा पर्याय महाग आहे. एका समाजसेवकाला मोजकीच माणसं नीट सांभाळता येतात, त्यामुळे अहवालातला आकडा लहान दिसतो. विश्वस्तांनी तो लहान आकडा मान्य करावा.

प्रस्ताव कुणाचाही असो, सुरुवातीला किती जण आले आणि त्यातले मधेच कार्यक्रम सोडून गेलेले धरून वर्षाने कोण कुठे आहे, हे विचाराच. ‘परत अटक’ एवढंच मोजणारा अहवाल पुरेसा नाही, कारण परिसरात चोरी झाली की जुनं रेकॉर्ड असलेल्याला आधी उचलतात. पक्की खोली, चालू खातं, चुकलेल्या तारखा आणि घरच्यांशी बोलणं आहे की नाही, हेही मागा. आणि निधी निदान तीन वर्षांचा द्या. वर्षाच्या करारावर आलेला समाजसेवक माणसं ओळखीची होईपर्यंत दुसरी नोकरी शोधायला लागलेला असतो.