बुरशी घालवतो म्हणून ४२ हजार घेतले, भिंत होती तशीच

आम्ही ठाण्यात राहतो, दुसरा मजला. गेल्या जुलैत बेडरूमच्या कपाटामागे काळे डाग दिसले, आधी तळहाताएवढे मग पंधरा दिवसांत अर्धी भिंत, कपड्यांना कुबट वास, चामड्याच्या पर्सवर पांढरी बुरशी. सासूबाईंना दमा आहे त्यामुळे मला काही सुचेना. नेटवर नंबर मिळाला, फ्री इन्स्पेक्शन म्हणून दोघं आले.

त्यांच्याकडे छोटं मशीन होतं, भिंतीला टेकवलं की वाजायचं. म्हणाले मॅडम हे टॉक्सिक ब्लॅक मोल्ड आहे, घरात पेशंट आहे ना, मग आजच करून घ्या. ते साधं मॉइश्चर मीटर होतं हे नंतर कळलं, ते फक्त ओल दाखवतं, बुरशी कुठली ते त्यात दिसतच नाही. आणि काळी असो की हिरवी, काढायची पद्धत तीच असते. पण तेव्हा आतल्या खोलीत सासूबाई खोकत होत्या आणि मी हो म्हटलं.

३० हजार आधी यूपीआयने, १२ काम झाल्यावर, दहा वर्षांची गॅरंटी. काम चार तासांत उरकलं. स्प्रे मारला, वास सरळ ब्लीचचा, फडक्याने पुसलं आणि ओल्या भिंतीवरच जाड पांढरा कोट. सुकू द्यायला नको का विचारलं तर म्हणे आमचं केमिकल ओल खेचून घेतं. गणपतीच्या आधीच रंगाला फुगे आले, पोपडे सुटले, आत पहिल्यापेक्षा जास्त काळं. फोन केला की ‘साहेब बाहेरगावी आहेत’, मग फोनच बंद. गॅरंटीच्या कागदावर शिक्का आहे पण पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, आणि पक्कं बिल मी मागितलंच नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला, पण तक्रार कोणाच्या नावाने करायची तेच हातात नव्हतं. तुम्ही बिल आणि पत्ता घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं, भिंतीवर फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा, एक-दोन दिवसांनी बघा. पाणी बाहेरच्या बाजूला असेल तर खोलीतल्या दमट हवेचं, भिंतीकडच्या बाजूला असेल तर ओल आतून येतेय. आमची आतूनच होती. वरच्यांच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली पाणी जायला बसवतात त्याचा, जॉइंट गळत होता, प्लंबरने २,६०० मध्ये केला आणि गळती त्यांच्या बाथरूमची म्हणून पैसे त्यांनीच दिले, एका शब्दाने वाद नाही.

मग पोपडे खरवडले, मास्क-ग्लोव्हज घालून साबणाच्या पाण्याने घासलं, सासूबाईंना तेवढे दिवस नणंदेकडे पाठवलं. (ब्लीच वापरणार असाल तर टॉयलेट क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन गॅस होतो.) दिवाळी होईपर्यंत भिंत तशीच उघडी ठेवली, पूर्ण सुकल्यावर डिसेंबरात रंग दिला. कपाट आता चार बोटं पुढे असतं, पावसात एसी ड्राय मोडवर, आणि एक स्वस्तातला ह्युमिडिटी मीटर घेतलाय, साठ टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करते, मुसळधार पावसात जमत नाही पण कपाटामागे डाग नाहीत.

हे आज लिहितेय कारण परवा त्याच लोकांची जाहिरात दिसली, नाव नवीन, नंबर नवीन, आणि ‘ट्रीटमेंटनंतर’ म्हणून जो फोटो टाकलाय तो आमच्या बेडरूमचा आहे, खिडकीत सासूबाईंची तुळस स्पष्ट दिसतेय.