गरोदरपणात पैसे कशावर घालायचे: लिपिड प्रोफाइल की बीपीचं मशीन?

हाताशी दीड-दोन हजार रुपये आहेत आणि गरोदरपणात बीपी वाढण्याची धास्ती आहे, तर ते पैसे दंडावर बांधायच्या डिजिटल बीपी मशीनवर घाला. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, बाळंतपणानंतर करा, तेव्हा तिचा उपयोग जास्त. याला अपवाद असलेल्या मोजक्या बायकांबद्दल पुढे सांगितलं आहे.

आधी लिपिड प्रोफाइल. गरोदरपणात रक्तातली चरबी वाढतेच, आणि ती वाढायलाच हवी. इस्ट्रोजेन आणि वारेतून येणारी हार्मोन्स आईच्या शरीराला चरबीवर चालवतात, म्हणजे साखर बाळासाठी शिल्लक राहते. शेवटच्या तीन महिन्यांत एकूण कोलेस्टेरॉल पाव ते निम्म्याने वाढतं आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार) दुप्पट-तिप्पट होतं. रिपोर्टवर छापलेल्या 200 आणि 150 या मर्यादा मात्र गरोदर नसलेल्या माणसांच्या असतात. त्यामुळे आठव्या महिन्यात कोलेस्टेरॉल 250 आणि ट्रायग्लिसराइड 280 आलं की आकडे ठळक अक्षरांत छापून येतात, आणि घरात तूप बंद होतं. त्याची गरज नसते.

मग चरबीचा आणि प्रीएक्लॅम्पसियाचा (गरोदरपणात बीपी वाढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांना इजा करणाऱ्या आजाराचा) संबंध नाहीच का? आहे. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बायकांमध्ये ट्रायग्लिसराइड सरासरीने जास्त आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी आढळतं. पण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकीच्या रिपोर्टवरून तिला त्रास होईल की नाही हे सांगता येत नाही. शिवाय आजाराचं मूळ बहुतेकदा वारेत असतं. पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडतं, आणि तिच्यातून सुटणारी द्रव्यं आईच्या सगळ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. वाढलेली चरबी बरेचदा जास्त वजन किंवा मधुमेहाच्या सोबतीने आलेली असते. डिंकाच्या लाडवांनी किंवा शेंगाचटणीने प्रीएक्लॅम्पसिया होत नाही, आणि भाकरीवरचं मीठ तोडून तो टळतही नाही. रिपोर्ट जास्त आला तरी उपचार फारसा बदलत नाही, कारण कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या गरोदरपणात सहसा थांबवतात.

बीपीचं तसं नाही. इथे आकड्यावरून लगेच निर्णय होतो. वीस आठवड्यांनंतर चार तासांच्या अंतराने दोनदा 140/90 किंवा जास्त (वरचा किंवा खालचा, कोणताही एक आकडा पुरतो) म्हणजे गरोदरपणातला उच्च रक्तदाब. घरच्या मशीनवर 135/85 वारंवार दिसू लागलं तरी डॉक्टरांना दाखवा. वरचा 160 किंवा खालचा 110 दिसला तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजा, आणि तेवढंच आलं तर सकाळची वाट न बघता निघा. गरोदरपणात चालणारी औषधंही आहेत: लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा. आधीपासून टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल, तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात.

सरकारी दवाखान्यात बीपी आणि लघवीची तपासणी मोफत होते आणि दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. मग घरी मशीन कशाला? दोन तपासण्यांमध्ये काही आठवडे जातात, आणि हा आजार काही दिवसांत रूप पालटतो. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. ऊसतोडीच्या हंगामात तर बाई कोणत्या फडावर असेल हे आशाताईलाही आधी ठाऊक नसतं. अशा घरांना मशीनचा सर्वात जास्त उपयोग. सातव्या महिन्यात ओटीभरण होऊन माहेरी जाताना डॉक्टर बदलतात, तेव्हा मशीन, आकड्यांची वही आणि माता-बाल संरक्षण कार्ड एकाच पिशवीत ठेवा.

मशीन घेताना मनगटाचं घेऊ नका. गरोदरपणात तपासून प्रमाणित झालेलं मॉडेल आहे का ते विचारा. दंडाचा घेर टेपने मोजून जा: साधा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटरचा असतो, दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा बीपी खोटं जास्त दाखवतो. मोजण्याआधी लघवी करून या, अर्धा तास चहा नको, पाठ टेकून आणि पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. हात छातीच्या पातळीला, बाही पट्ट्याखाली नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. डाव्या कुशीवर झोपून वरच्या हाताला मोजलं तर आकडा खोटा कमी येतो, आणि ही चूक जास्त धोक्याची. घरचं मशीन एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या आकड्याशी ताडून पाहा.

बीपीसोबत लघवीतलं प्रथिन हवं. लघवी तपासायच्या पट्टीवर एक प्लस आलं तरी दाखवा. अंगावरचं पांढरं मिसळलं तर खोटं प्लस येतं, म्हणून धार सुरू झाल्यावर मधली लघवी घ्या. पण प्रथिन नाही म्हणून निर्धास्त होऊ नका: बीपी वाढलेलं असताना प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एक लाखाखाली गेल्या किंवा यकृताचे एन्झाइम दुप्पट झाले, तरी तो प्रीएक्लॅम्पसियाच. विड्या वळताना तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या बायकांचे पाय सुजतातच, तेवढ्यावरून काही ठरत नाही. चेहरा आणि हात अचानक सुजणं, थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही लक्षणं वेगळी. बरगडीखालच्या दुखण्याला पित्त म्हणून गोळी घेत बसू नका. 108 ला फोन करा. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याहून पाठवलेल्या अशा केसेस सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात येतात.

लिपिड प्रोफाइल गरोदरपणातच करावी अशा बायका: पूर्वी ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली, मधुमेह आटोक्यात नसलेला, किंवा घरात तरुणपणी हार्टॲटॅक आलेले. पहिल्यांदा उपाशीपोटी जायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर आलं तर एलडीएलचा (वाईट कोलेस्टेरॉलचा) हिशोबाने काढलेला आकडा भरवशाचा नसतो, तेव्हा उपाशीपोटी पुन्हा करतात. 500 च्या वर तज्ज्ञांचा सल्ला लागतो. 1000 च्या वर स्वादुपिंडाच्या सुजेचा खरा धोका असतो: पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी असह्य कळ.

आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया झाला असेल, तर या दोन्हींपेक्षा महत्त्वाचं म्हणजे बाराव्या आठवड्यालाच डॉक्टरांशी कमी मात्रेच्या ॲस्पिरिनबद्दल बोलणं. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर तिचा गुण जास्त. मनाने घेऊ नका. चौथ्या महिन्यापासून मिळणारी कॅल्शियमची गोळी (500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका. दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

बाळंतपण झालं म्हणून मशीन कपाटात ठेवू नका. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी सर्वात वर जातं, आणि सवा महिन्यापर्यंत या आजारात येणाऱ्या झटक्यांची भीती पुरती जात नाही. लिपिड प्रोफाइल बाळ तीन महिन्यांचं झालं की करा, कारण तोवर गरोदरपणाची चरबी बरीच ओसरलेली असते. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून तिने ती नक्की करावी, साखर आणि बीपीसह, आणि दरवर्षी बीपी मोजत राहावं.