खुराडं बांधून नऊ महिने झाले: कुठे वाचवलेले पैसे पुरले आणि कुठे नाही

आम्ही राऊला राहतो, इंदूरहून महूकडे जाताना लागतं ते. घरामागे थोडी मोकळी जागा आहे आणि नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोंबड्यांची फार हौस. मागच्या दिवाळीनंतर ठरवलं की आता खुराडं बांधायचंच. वेल्डरकडे चौकशी केली तर त्याने २६ हजार सांगितले, आम्ही विचार करू म्हणालो आणि तीन आठवड्यांनी परत गेलो तर तेच काम ३१ हजारांवर गेलेलं. म्हणाला, "भाभीजी, अँगल का भाव रोज चढ़ रहा है, मैं क्या करूँ." त्याचंही खोटं नव्हतं, सियागंजात दोन दुकानं फिरले तिथेही तीच रड.

मग ठरवलं की सामान आपण जमवायचं आणि वेल्डरला फक्त दोन दिवसांची मजुरी द्यायची. लोखंडी अँगल भंगारवाल्याकडून घेतला, ५० किलो, ४५ रुपये किलोने. त्यातला बराचसा कुठल्यातरी गोदामाच्या जुन्या रॅकचा होता, भोकं होती पण सरळ होता. पत्रे जुने (इकडे सगळे चद्दर म्हणतात), दोन पत्रे ९०० रुपयांत मिळाले. भिंतींसाठी पाडलेल्या घराचे दोन दरवाजे आणि प्लायचे तुकडे, ते ११०० ला. बिजागऱ्या, कड्या, रेड ऑक्साइड, हुक, हे किरकोळ वाटतं पण १२५० तिथे गेले, हा खर्च आधी कोणी धरत नाही. खालचा चौथरा घराच्या उरलेल्या विटा आणि कोटा फरशीच्या तुकड्यांचा, त्याला काहीच पडलं नाही. आत झोपायचा भाग ६ बाय ४ फुटांचा, त्याला लागून फिरायला १० बाय ६ चा जाळीचा भाग. पक्षी ९, एक कोंबडा आणि आठ कोंबड्या, त्यातल्या चार कडकनाथ आणि चार गावरान. आत एका पक्ष्याला अडीच चौरस फुटांच्या वर जागा येते, दिवसभर ते बाहेरच असतात त्यामुळे पुरते. सगळं मिळून जवळजवळ ११ हजार झाले आणि आम्ही अगदी खूश होतो.

आता जिथे चुकलो ते सांगते, कारण बाकी सगळं वाचलं नाहीत तरी एवढं वाचाच. जाळी. आतल्या खिडक्यांना अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली चौकोनी जाळी लावली, २४ रुपये फूट, पण बाहेरच्या मोठ्या भागाला ती महाग पडत होती म्हणून तिथे सहा कोनांची साधी चिकन जाळी लावली, ८ रुपयांची. दिसायला छान दिसते आणि कोंबड्या बाहेर जात नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं काम झालं. पण त्या जाळीने कोंबडी आत राहते, बाहेरचं जनावर बाहेर राहत नाही. जानेवारीत भर दुपारी दीड वाजता मुंगूस आलं. मी स्वयंपाकघरात होते, कोंबड्यांचा तो वेगळाच आवाज ऐकून धावले तोपर्यंत एक गावरान गेली होती. खालच्या कडेला जाळीचे दोन पीळ उसवलेले आणि त्याखाली माती उकरलेली, भोक एवढंसं की माझी मूठ जेमतेम गेली असती. आम्ही रात्री कुलूप घालत होतो, बोक्याची भीती धरून, आणि मुंगूस दिवसा फिरतं हे नानांना माहीत असून त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं नाही. मुलगी दोन दिवस जेवली नाही धड.

त्यानंतर खालच्या तीन फुटांपर्यंत सगळीकडे वेल्डमेश लावली, आणि जाळी जमिनीत न गाडता बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरली, कडेला विटा ठेवल्या. जनावर भिंतीला चिकटून उकरतं, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही, त्यामुळे नखाखाली जाळीच येते. तोवर भाव २८ झाला होता, म्हणजे नोव्हेंबरात जे वाचवलं म्हणून आनंद झाला ते जास्त पैसे देऊन परत घ्यावं लागलं आणि वर एक जीव गेला. मजुरीसकट एकूण खर्च पावणेपंधरा हजारांवर गेला. तरीही ३१ च्या निम्म्यात आहे, पण जाळी पहिल्या दिवशीच नीट घ्या, बाकी काहीही जुनं चालेल.

दुसरी गोष्ट खास आपल्या माळव्याची, काळी माती. बाहेरच्या भागाचे खांब आम्ही दीड फूट गाडले होते. एप्रिलमध्ये जमीन तडकली आणि दोन खांब हाताने हलायला लागले, चौकटीखाली चार बोटं फट पडली. जूनच्या शेवटी पाऊस लागला, माती फुगली आणि दरवाजाच अडकला, उघडायला यांना खांदा लावावा लागायचा. आता खांब गाडलेले नाहीत, खाली फरशीचे तुकडे ठेवून चौकट नुसती त्यावर बसवली आहे आणि चारी कोपरे एकमेकांना बांधलेत. माती वर-खाली झाली तरी सगळं एकत्र हलतं. मुरमाड जमीन असेल तर हा त्रास नसेल.

पत्र्याचं छप्पर मे महिन्यात भट्टी होतं. दुपारी कोंबड्या चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून उभ्या राहायच्या. वरून चुना लावला, त्यावर बारदान टाकून दिवसातून तीनदा पाणी मारलं, बाहेर हिरवी शेडनेट बांधली, फरक पडला. पण खरं वाचवलं ते भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये चारी बाजूंनी सोडलेल्या आठ इंचांच्या जाळीच्या पट्टीने, तो हट्ट नानांचा, वारा डोक्यावरून गेला पाहिजे म्हणत होते. त्या दिवसांत एक अंडं उचलताना माझ्या तळहातातच दबलं, कवच कागदासारखं, आत बोट गेलं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग गार करते, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचाला चुना कमी पडतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला, दाणा पहाटे आणि संध्याकाळी द्यायला लागलो, जून संपेपर्यंत अंडी ठीक झाली.

खाली पसरायला हिवाळ्यात सोयाबीनचं भूस वापरलं, फुकट मिळालं होतं, कोरड्या दिवसांत उत्तम. पावसात गोळे होऊन कुबट वास यायला लागला. आता आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा आणते, चार बोटं थर, दर दोन दिवसांनी फावड्याने वर-खाली करायचा. शेजारच्या काकू अगदी भिंतीला लागून राहतात आणि अजून त्यांची तक्रार नाही.

बसायच्या दांड्यांना बांबू वापरू नका. स्वस्त म्हणून लावले, जुलैत रात्री टॉर्च मारला तर पोकळ टोकांतून बारीक तांबडे किडे निघत होते, दिवसा एक दिसत नाही. कोंबड्या रात्री आत जायला कुरकुर करत होत्या ती त्यामुळेच. बांबू जाळून टाकले, आता सुताराकडचे दोन इंची लाकडी पट्टे आहेत, कडा घासून गोल केलेले, आणि आमच्या मते बसायला पायही त्यावर जास्त टेकतो.

कडकनाथ घेणाऱ्यांसाठी एक. पक्षी देखणा आणि काटक, झाबुआचा आहे, २०१८ मध्ये तिथल्या कडकनाथच्या मांसाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण अंड्यांवर बसायचं त्याला फारसं जमत नाही. आमची एक गावरान गेल्या महिन्यात खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली, तिच्याखाली कडकनाथची नऊ अंडी ठेवलीत. आज सतरावा दिवस. पिल्लांसाठी आतच एक छोटा कप्पा करायचाय, त्याला जाळी बघायला काल गेले तर ३० रुपये फूट झालीय. अर्धा इंचीच आणली.